हळू आवाजाची वृंदाक्का

वृंदाक्का गायला उभी राहिली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. गिटारचा पट्टा खांद्यावर नीट बसवायचा, माइक बोटभर खाली करायचा आणि छताकडे बघत म्हणायचं, "ते पंखे तेवढे बंद करता काय?" समोर कोण बसलंय ते बघून ती हे कधी इंग्रजीत म्हणे, कधी कन्नडमध्ये, पण म्हणे नक्की. एप्रिलचा उकाडा असला तरी. लोक कुरकुरत, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत ती पत्रिका मांडीवर पडलेली असे आणि मागच्या रांगेतली माणसं पुढच्या खुर्चीवर हात टेकून वाकलेली असत.

एकदा एका हॉटेलचा मॅनेजर तिला म्हणाला, "मॅडम, इतका चांगला माइक दिलाय, तुम्हीच जरा मोठ्यानं गा की." ती म्हणाली, "माइक आहे म्हणून तर हळू गाते. ओरडायचंच असतं तर माइक कशाला लागला असता?"

तिच्या मागं उभा राहून मी बत्तीस वर्षं बास गिटार वाजवली. लोकांना तिचा चेहरा माहीत आहे, मला तिची पाठ. गाणं मनासारखं चाललं की तिचा डावा खांदा किंचित उतरायचा. तो उतरला की ड्रमवरचा जोसेफ आणि मी एकमेकांकडे बघायचो आणि निवांत व्हायचो.

मी मूळचा चिकोडीकडचा. आयटीआय करून बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो, तेव्हा चोविशीत होतो. बेळगावात शिकताना लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो, तेव्हाची जुनी गिटार बरोबर आणली होती. इथं कुणी ओळखीचं नव्हतं. एका रविवारी तारा घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेलो, तर तिथल्या फळ्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी टाचलेली होती: 'बास वाजवणारा पाहिजे. कमी वाजवता आलं पाहिजे.' खाली मल्लेश्वरमचा पत्ता. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली असावी.

दार उघडलं ते माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या बाईनं. सुती साडी, कानामागं पेन्सिल खोचलेली. व्हरांड्यात बसवून म्हणाली, वाजवून दाखव. मला येत होतं त्यातलं सगळ्यात वेगवान मी वाजवलं. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "छान आहे. आता यातलं निम्मं वाजव." मी निम्मं वाजवलं. "आता त्याच्या निम्मं." असं करत करत शेवटी चार मात्रांत माझा एकच सूर उरला. त्यावर तिनं हलक्या हातानं गिटार छेडली आणि गाऊ लागली, आणि आपला एक सूर इतका भारदस्त वाजू शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं. हे सगळं आमचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाललेलं, मोडकं माझं. जाताना तिनं नाव-गाव विचारलं. मी चिकोडी म्हटल्यावर ती हसली. "मग मघापासून इंग्रजीत घाम कशाला गाळतोयस? आम्ही खानापूरचे." त्या दिवसापासून ती माझी वृंदाक्का झाली आणि मी तिचा सदू.

वृंदा खानापूरकर. वडील एका सरकारी कारखान्यात डिझाइन इंजिनिअर, लग्न झाल्यावर बेंगळुरूला आले ते इथलेच झाले. आई वृंदाक्का कॉलेजात असतानाच गेली. घरात ही आणि वडील. तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर ती दर वेळी वेगळं सांगायची. माझ्या बायकोला, मंगलला, म्हणाली होती, "एकानं विचारलं होतं. पण तो गाणं चालू असताना टाळ्या वाजवायचा."

सॉफ्ट रॉक म्हणजे काय, असं कारखान्यातले लोक मला विचारायचे. मी सांगायचो, यात गिटार असते, ड्रम असतात, पण शेजारी भांडायला येत नाहीत. आमच्या बँडचं नाव 'हाफ डे'. जोसेफ पोस्टात होता, मी कारखान्यात. शनिवारी अर्धी सुट्टी झाली की दोघं मल्लेश्वरम गाठायचो. गाणी सगळी तिचीच, शब्दही आणि चालही, आणि तेव्हा सगळी इंग्रजीत. पण गाण्यातली माणसं आमच्याच रस्त्यावरची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यावर तिचं एक गाणं होतं. तो शर्टावरून माणसाचे बरे-वाईट दिवस ओळखायचा. एक गाणं उतारावरच चालू होणाऱ्या स्कूटरचं. आणि एक, बसमध्ये अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेल्या नर्सचं. कॉलेजातली मुलं ती गाणी म्हणायची. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एका हॉटेलात आमचा कार्यक्रम असे. दुपारी ती घरी गिटार शिकवायची. पहिली कॅसेट निघाली तेव्हा रेडिओवर लागली. फार मोठं काही झालं नाही, पण बेंगळुरूत या प्रकारचं ऐकणाऱ्या माणसाला वृंदा हे नाव माहीत नाही असं सहसा होत नसे.

तिचा शब्द होता 'स्वल्प'. कन्नडमध्ये थोडं. तालमीत तो दिवसातून शंभर वेळा यायचा. "स्वल्प मागं ये, सदू. गाणं कुठं पळून जातंय काय?" जोसेफला म्हणायची, "स्वल्प जागा सोड. ऐकणाऱ्यालाही आत बसायला जागा पाहिजे की." कुणी तिच्या गाण्याची फार स्तुती करू लागलं की हात वर करून म्हणायची, "साकु, साकु." पुरे. टीका मात्र ती पूर्ण ऐकून घ्यायची, वहीत लिहून ठेवायची.

टीका करणारा घरातच होता. तिचे वडील, नाना. उंच, ताठ, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. लहानपणी त्यांनी तिला शास्त्रीय गाण्याला घातलं होतं, नऊ वर्षं ती शिकली आणि एक दिवस गिटार घेऊन घरी आली. ते नानांनी कधी माफ केलं नाही. भांडले नाहीत, फक्त कार्यक्रमाला कधी आले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "देवानं हिला गळा दिलाय, आणि ही कुजबुजते." आम्ही व्हरांड्यात तालीम करायचो तेव्हा ते आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे, दार लोटून. एकदाच ते दार उघडून बाहेर आले. मला वाटलं, आता हाकलतात. म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात बास पुढं पळतोय," आणि पुन्हा आत गेले. वृंदाक्का म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी तुला चार वेळा सांगितलं."

दुसऱ्या कॅसेटनंतर मुंबईच्या एका कंपनीचा माणूस तिला भेटायला आला. बँड नको, ती एकटी हवी होती. हिंदीत गायचं, गाण्यावर नाच बसवायचा, पोशाख त्यांचा. आम्हाला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बघून तरी येते. न बघता नको म्हणायला मी काय नाना आहे?" तीन महिने ती मुंबईत राहिली. कंपनीनं तिच्याकडून चार गाणी रेकॉर्ड करून घेतली. परत आली ती सरळ शनिवारी तालमीलाच बसली. आम्ही विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "माणसं चांगली होती. जेवण चांगलं होतं. पण त्यांना गाण्यात माझा श्वास ऐकू यायचा, तो ते कापून टाकायचे." ती गाणी बाजारात आलीच नाहीत. मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती मात्र त्या विषयावर पुन्हा बोलली नाही, आणि बोलत नाही म्हणजे मनात ठेवलंय असंही नव्हतं. महिन्याभरात तिनं नवं गाणं आणलं.

असं वर्षानुवर्षं चाललं. मी कारखाना सोडून पीण्यातच स्वतःची छोटी शेड घातली, दोन लेथ मांडले. जोसेफला नातू झाला. कॅसेटची सीडी झाली, सीडीचं आणखी काय काय झालं. आणि मग, आम्ही पन्नाशीकडे झुकलेलो असताना, सिंगापूरच्या एका संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. तिघांनाही. तिथून पुढं क्वालालंपूरला दोन कार्यक्रम. मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. मंगलनं सूटकेस आणली. शेडच्या दारावर तीन आठवडे बंद राहील अशी पाटी रंगवून ठेवली.

निघायला अठरा दिवस असताना नाना सकाळी दाढी करताना खाली कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यातून वृंदाक्काचा फोन आला, आवाज नेहमीसारखाच. "सदू, सिंगापूर नाही. त्यांना कळवलंय. जोसेफला तू सांग."

तिचं बरोबर होतं हे मला कळत होतं. तरी मला राग आला. कुणाचा, ते नेमकं सांगता येणार नाही. दवाखान्यात एकदा जाऊन आलो आणि मग दोन महिने फिरकलो नाही. शेडमध्ये काम आहे, असं सांगत राहिलो. काम होतंही. पण तेवढं नव्हतं.

नाना घरी आले. धरून चालवलं तर चार पावलं टाकायचे. समजायचं सगळं. पण बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा, "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, लाइट घालवायची असली तरी तेच. समोरच्याला कळलं नाही की चिडायचे आणि चिडूनही म्हणायचे, "तेच, तेच, तेच." ज्या माणसानं आयुष्यभर एका मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला, त्याच्यापाशी एवढा एकच शब्द उरला होता. शेवटी शेवटी ते बोलायचंच टाळू लागले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एका संध्याकाळी शेजारच्या घरात आरती चालू होती. वृंदाक्का नानांना सूप भरवत होती. तिनं बघितलं तर नानांचे ओठ हलत होते. कान जवळ नेला. नाना आरती म्हणत होते. शब्दांसकट, न अडखळता, कडवीच्या कडवी. आरती संपली आणि तिनं विचारलं, "नाना, सूप आणखी हवं?" नाना म्हणाले, "तेच."

दुसऱ्या दिवशी तिनं हे स्पीच थेरपिस्टला सांगितलं. ती तरुण मुलगी होती, धारवाडकडची. ती म्हणाली, "अक्का, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगळ्या खोल्यांत राहतं. यांच्या एका खोलीला कुलूप लागलंय. दुसरीतून आत जाऊन बघू. रोजची छोटी वाक्यं घ्या, दोन सुरांत म्हणा, लांबवून म्हणा. त्यांच्या डाव्या हातानं ताल धरायला लावा. तुम्हाला थोडंफार गाता येतं काय?"

"थोडंफार येतं," वृंदाक्का म्हणाली.

त्याच आठवड्यात तिचा मला फोन आला. "सदू, बास घेऊन ये. माझी गिटार त्यांच्या डोक्यावरून जातेय. खालचा सूर पाहिजे, खाटेतून अंगात शिरेल असा." शेडला कुलूप लावलं आणि गेलो.

नानांना ते मुळीच आवडलं नाही. आपल्यासमोर बसून मुलगी बालवाडीतल्यासारखी 'पाणी दे' गातेय आणि तो पीण्याचा टर्नर बास वाजवतोय. तिनं त्यांचा डावा हात धरून मांडीवर ताल दिला की ते हात हिसकावून घ्यायचे. पहिले चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ऐकणं टाळण्यासाठी डोळे मिटून घेतले. वृंदाक्का रागावली नाही, समजूतही घालत बसली नाही. ती तिच्या सवयीनं गाणं सुधारत राहिली. 'पा'वर जास्त थांबून बघितलं. 'दे' खाली उतरवला. मला म्हणाली, "चाल चुकतेय आपली. ते जसं पाणी मागायचे तशी नाही ही. ते हुकूम सोडायचे." आणि तिनं चाल बदलली. 'पाणी' सपाट ठेवलं आणि 'दे' वर नेऊन तोडला, जुन्या नानांसारखा.

अकराव्या दिवशी मी वाजवत होतो, ती गात होती, आणि मधेच तिनं गाणं थांबवलं. मला खूण केली, चालू ठेव. चार मात्रा रिकाम्या गेल्या. आणखी चार गेल्या. नानांचा डावा हात मांडीवर पडला, उचलला, पुन्हा पडला. "पाणी," नाना म्हणाले. सुरात. आणि मग, बरोबर वर नेऊन, "दे."

वृंदाक्का उठली, आत गेली, तांब्या-भांडं घेऊन आली. नानांना तहान नसणार, कारण पाचच मिनिटांपूर्वी ते पाणी प्याले होते. तरी त्यांनी भांडं रिकामं केलं आणि पुन्हा म्हणाले, "पाणी दे." अशी तीन भांडी पाणी ते प्याले. मग ती म्हणाली, "साकु नाना, आता लघवीचं गाणं बसवावं लागेल." मी नानांना हसताना पहिल्यांदा बघितलं. तोंडाच्या एकाच बाजूनं हसले.

मग गाणीच गाणी झाली. चष्म्याचं, पेपरचं, साखर नको म्हणायचं, खिडकी उघडायचं. 'नको' हे नानांचं सगळ्यात लाडकं गाणं, ते दिवसभर म्हणायचे. मी आठवड्यातून तीन दिवस जायचो. लेथवर काम करताना तोंडात त्याच चाली असायच्या. मंगल म्हणायची, "तुम्ही घरी पाणी मागता तेही हल्ली गाऊनच मागता."

एका दुपारी, याला पाच-सहा महिने झाले असतील, मी बास गुंडाळून निघालो होतो. वृंदाक्का सकाळपासून धावत होती. नर्स आली नव्हती, शिकवणीची मुलं येऊन गेली होती, धुणं तसंच पडलं होतं. ती नानांच्या खाटेजवळ औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत बसली होती. नाना तिच्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात मांडीवर पडू लागला. आम्हाला वाटलं, पाणी. पण चाल पाण्याची असली तरी शब्द दुसरे आले. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"वृंदा… जेवलीस काय?"

हे वाक्य तिनं शिकवलं नव्हतं. शिकवायच्या यादीतही नव्हतं. आजवरची सगळी वाक्यं त्यांना काय हवं त्याची होती. तिच्या हातातल्या गोळ्या तशाच राहिल्या. ती म्हणाली, "नाही नाना. अजून नाही." नानांनी दाराकडे बोट केलं, जा म्हणून. ती स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानंच ताकभात खाल्ला. मी दारात उभा होतो. हात धुऊन ती म्हणाली, "शब्द त्यांचे, चाल माझी. बसलं की रे."

त्या घरातल्या गाण्यांतून तिची मराठी गाणी निघाली. इतकी वर्षं मराठीत का लिहिलं नाहीस, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "मराठी मी फक्त घरात बोललेय. स्टेजवर मराठीत तोंड उघडलं की आतली खोली उघडी पडल्यासारखं वाटायचं. आता उघडीच आहे. येणारे-जाणारे सगळे बघतातच." दोन सुरांच्या चाली तिनं वाढवल्या, त्यांना कडवी जोडली.

चष्मा माझा कुठं गेला,
उजेड सगळा तिथं गेला.

असं सुरू होणारं गाणं आता बऱ्याच लोकांच्या फोनवर वाजतं. 'घरातली गाणी' हा तिचा शेवटचा अल्बम. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं काम तेच. सिंगापूरच्या लोकांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा आम्ही गेलोही. मला सिंगापूरपेक्षा मल्लेश्वरमचा कार्यक्रम जास्त आठवतो.

मल्लेश्वरमच्या एका छोट्या सभागृहात आपली मराठी माणसं जमली होती, बहुतेक साठीच्या पुढची. त्यांना भावगीतं अपेक्षित होती. दोन गाण्यांनंतर एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण हे गाणं आहे की बोलणं?" वृंदाक्का म्हणाली, "दोन्ही आहे. तुमच्या सोयीनं घ्या." लोक हसले, तेही हसले आणि बसले. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत नाना होते. मुलीच्या कार्यक्रमाला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. आणि तिसऱ्या गाण्यात ते झोपले. मान छातीवर, तोंड किंचित उघडं. मला फार वाईट वाटलं. कार्यक्रम संपल्यावर बघतो तर ती खुशीत. म्हणाली, "गेल्या आठ दिवसांत दुपारी त्यांचा डोळा लागला नव्हता. माझ्या गाण्यानं लागला. आणखी काय पाहिजे?"

नाना त्यानंतर चार वर्षं राहिले. चांगले राहिले. शेवटपर्यंत शंभरेक वाक्यं त्यांना गाता येत होती आणि त्यातली पाच-सहा ते साधी बोलूही शकत होते. एका सकाळी कॉफी पिऊन ते पुन्हा आडवे झाले आणि गेले. वृंदाक्का तेरा दिवस घरात होती. चौदाव्या दिवशी त्या धारवाडच्या थेरपिस्टनं तिला दवाखान्यात बोलावलं. आणखी एक आजोबा होते, त्यांनाही आरती म्हणता येत होती आणि पाणी मागता येत नव्हतं.

बुधवारी ती दवाखान्यात जाऊ लागली. मग बुधवार आणि शुक्रवार. मग जवळजवळ रोज. दोन वर्षांनी एका शनिवारी तालीम संपल्यावर गिटार पेटीत ठेवत ती म्हणाली, "सदू, जोसेफ, मी आता स्टेजवरचं बंद करतेय." जोसेफनं मान हलवली, त्याचे गुडघे दुखायचे, त्याला बरंच वाटलं असावं. मी मात्र घरी जाऊन मंगलपाशी तणतणलो. अल्बम आत्ता कुठं चाललाय, लोक बोलावताहेत, आणि ही बंद करतेय. मंगल म्हणाली, "माझ्यापुढं काय बोलता? तिला जाऊन सांगा." मी ठरवलं, निदान निरोपाचा एक मोठा कार्यक्रम करायला तिला तयार करायचं. सभागृहाची चौकशीही करून ठेवली. आणि एका बुधवारी दुपारी तिला गाठायला दवाखान्यात गेलो.

लांब खोली होती, खिडकीशी दोन खुर्च्या. वृंदाक्का गिटार घेऊन एका म्हाताऱ्या जोडप्यासमोर बसली होती. मला बघून तिनं डोळ्यानंच बस म्हणून सांगितलं. म्हातारे बाबूराव, निपाणीकडचे, माझ्यासारखेच कारखान्यात जन्म काढलेले. हातांवरून कळत होतं. बायको शेजारी नऊवारीत, पिशवी मांडीवर घेऊन. बाबूरावांना चहा मागता येऊ लागला होता, पंखा-लाइटही. वृंदाक्कानं विचारलं, "आज कुठला शब्द घ्यायचा? तुम्ही सांगा." बाबूराव विचार करत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि बायकोकडे बोट केलं.

"यांना काही सांगायचंय?" वृंदाक्कानं विचारलं. बाबूरावांनी मान हलवली. नाही. पुन्हा बोट केलं.

"यांचं नाव?"

होय.

वृंदाक्का त्या बाईंकडे वळली. "नाव काय तुमचं?"

बाई एकदम अवघडल्या. "ते मला नावानं हाक मारत नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्यात पद्धत नाही तशी. अगं म्हणतात, नाहीतर ऐकलंस काय म्हणतात. तेवढंच."

"तरी पण नाव काय?"

"इंदू."

वृंदाक्कानं दोन सूर घेतले. पहिला खालचा, लांब, दुसरा जरा वर, अलगद सोडून दिलेला. तसं तिनं चारदा म्हटलं. मग नुसती गिटार वाजवत राहिली. बाबूरावांचा डावा हात मांडीवर पडू लागला. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. नर्स औषधं घेऊन आत आली ती तशीच दारात थांबली. कितीतरी वेळ काही झालं नाही. आणि मग बाबूराव बायकोकडे बघत, जाडसर, तुटक्या आवाजात पण बरोबर सुरात म्हणाले, "इं…दू."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. पदर बाजूला केला तेव्हा त्या हसत होत्या आणि चेहरा लाल झाला होता. कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा." मग थोड्या वेळानं, वृंदाक्काकडे झुकून, हळूच, "आणखी एकदा म्हणायला सांगता काय?"

बाबूरावांना सांगावं लागलं नाही.

तास संपल्यावर आम्ही दोघं जिना उतरत होतो. गिटारची पेटी मी घेतली होती. खालच्या पायरीवर वृंदाक्का थांबली. "सदू, तू काहीतरी विचारायला आला होतास. आल्या आल्या तोंडावर दिसत होतं."

"विसरलो," मी म्हणालो.

"सरी, बरं मग," ती म्हणाली, आणि आम्ही रस्ता ओलांडून कॉफी प्यायला गेलो.